खिंडीअलीकडचा निरोप

हा-तेबेलो, मसेरूजवळ
ता. ११ फेब्रुवारी २००१

चि. मोत्लात्सी यास ताईचा प्रभूच्या नावाने सलाम व आशीर्वाद, वि. वि.

इकडे आम्ही सर्व परमेश्वराच्या दयेने ठीक आहोत. तुझी खुशाली आम्ही अंदाजानेच धरून चालतो, कारण नाताळाच्या पत्रानंतर तुझी एक ओळ नाही. डोंगरातल्या थंडीने शाई गोठली असेल म्हणावं, तर हे दिवस उन्हाळ्याचे. तेव्हा कारण तूच शोध. विद्यापीठात तू गेलेला आहेस.

आईचा खोकला हटत नाही. सकाळी डोळे उघडले की तिचा पहिला प्रश्न, मोत्लात्सीचं काही आलं का. आणि दुसरा, आंबील एवढी पातळ का. घरात मांस शिजलं की चांगला तुकडा ती वाडग्याखाली झाकून ठेवते, न जाणो तू आलास तर. तू येत नाहीस, तुकडा नासतो, आणि मी तो कुत्र्याला घालते. कुत्रा तुझ्या नावावर छान पोसला आहे.

तुझ्या दाजींनी एक छोटा रेडिओ आणला. गावात जे नवं खासगी केंद्र निघालंय ना, ते त्यावर इतकं स्वच्छ लागतं की भजनवाली मंडळी आपल्याच चुलीशी बसली आहेत असं वाटावं. आता मयताचे निरोपही तिथे वाचतात. गुरुवारच्या प्रार्थनामंडळातल्या बाया म्हणतात, जुनं केंद्र आता म्हातारेकोतारेच लावतात. आईने मात्र तिचा जुना डबा सोडलेला नाही. त्याच्या बॅटऱ्या मी उन्हात तापवून पुन्हा पुन्हा घालते. टाकून द्यायला आपण कोण मोठे लागून गेलो!

तू नाताळात लिहिलं होतंस की तुमच्या खोऱ्यात नवं केंद्र मुळीच लागत नाही. हे कसं काय? दोन्ही केंद्रं एकाच गावातून बोलतात. मग एकाचं बोलणं डोंगर चढतं आणि दुसऱ्याचं पायथ्याशी बसकण मारतं, ते का? मला समजेल असं लिही. मॅट्रिक मीही झाले आहे, आणि तुझ्याहून वरच्या वर्गात. तसंच पाळकबाईंच्या मुलाने त्यांना अन्न तापवायची विजेची पेटी पाठवली आहे. विस्तव दिसत नाही आणि रस्सा उकळतो. हे देवाच्या मर्जीत बसतं का, तेही कळव.

ईस्टरला नक्की ये. आईचं मन मोडलं की तुकडे मला गोळा करावे लागतात. आहे तो लोभ सांभाळावा.

तुझी ताई,
मापासेका


हा-मोखेथी मिशन शाळा
ता. ४ मार्च २००१

ती. सौ. ताईस मोत्लात्सीचा सा. न., वि. वि.

तुझं पत्र ड्रायव्हरने पिठाच्या पोत्यात खोचून आणलं, त्यामुळे तुझे टोमणे जरा पांढरे होऊन पोचले. पण चव गेली नव्हती.

पत्र लिहिलं नाही ही चूक. शाळेत विज्ञानाला मी एकटा आणि मुलं मेंढरांएवढी. असो, तुझ्या प्रश्नाकडे येतो. बाबांनी तुझ्या लग्नात देज म्हणून आलेल्या गाई विकून मला रोमा गावच्या विद्यापीठात घातलं, नाहीतर मी आज गुरांची शेपटं मोजत फिरलो असतो. तेव्हा माझं हे ज्ञान म्हणजे तुझ्याच गाईंचं दूध आहे. घे, पी.

नदीतला तो मोठा दगड आठव, ज्यावर तू गोधड्या आपटायचीस. वाऱ्याने उठलेल्या बारीक लहरी त्याच्यावर येऊन संपतात, दगडामागे पाणी शांत असतं. पण पुराची लांब लाट आली की ती दगडाला वळसा घालून मागे पुन्हा एक होते. दगड तिच्या खिजगणतीतच नसतो. रेडिओचं तसंच. जुन्या केंद्राची एकेक लहर आपल्या घरापासून देवळापर्यंत पसरेल एवढी लांब, तीनशे मीटरच्या आसपास. ती डोंगरावरून वाकून आमच्या खोऱ्यात उतरते. नव्या केंद्राची लहर आपल्या खोलीत मावेल, तीनच मीटरची. आवाज तिथला स्वच्छ, त्याचं कारण वेगळं, ते पुन्हा कधी. पण ती लहर उजेडासारखी नाकासमोर चालते, आणि डोंगर आला की त्याच्यामागे तिची सावली पडते. आमचं अख्खं खोरं त्या सावलीत आहे. तुमच्याकडे ते मोबाइल फोन आलेत, तेही याच कारणाने इथे मुके.

म्हणून एक पक्कं ध्यानात ठेव. मला काही कळवायचं झालं तर जुन्या केंद्रावरच्या बाराच्या निरोपांत कळव. शाळेमागच्या दोन पॉप्लरांना मी लांब तार बांधली आहे. बारा वाजले की सगळं खोरं माझ्या खिडकीखाली येऊन बसतं. कोण गेलं, कुणाला बोलावलंय, सगळं ऐकतं. तुझ्या नव्या केंद्रावरून मोत्लात्सी राजा झाला असं जरी तुम्ही ओरडलात, तरी मी इथे हातात खडू धरून लहरीच काढत बसेन!

पाळकबाईंच्या पेटीतही लहरीच आहेत, पण वीतभरसुद्धा नाहीत अशा. त्या अन्नातल्या पाण्याला घुसळतात, घुसळलं की तापतं. सैतानाचा हात नाही, निर्धास्त जेवून ये.

आईला सांग की तिच्या थडग्यात पहिली माती माझ्या हातची, हे मी विसरलेलो नाही. पण तिने घाई करायचं कारण नाही. आणि ताई, आंबील जरा दाट कर. काटकसर देवाला आवडते, आईला नाही.

दाजींना नमस्कार, तुझ्या पासेकाला गोड पापा. लोभात खंड नसावा.

तुझा,
मोत्लात्सी


हा-तेबेलो
ता. २२ एप्रिल २००१

चि. मोत्लात्सी यास ताईचा सलाम व आशीर्वाद, वि. वि.

ईस्टर झाला. आईने तुझ्यासाठी कोंबडीची तंगडी ठेवली होती. सोमवारी ड्रायव्हर भेटला, तो म्हणाला की मास्तर घोड्यांच्या शर्यतीला गेलेत आणि तिथून एक घोडा घेऊन आलेत. चांगलं झालं. आई खोटं सांगितलेलं ओळखते, म्हणून मी तिला खरंच सांगितलं. त्यावर ती म्हणाली की पोरगा दमतो, त्याला विरंगुळा नको का? मी त्या वेळी तिची पाठ पुसत होते.

गेल्या आठवड्यात तिला मोठ्या दवाखान्यात नेऊन छातीचा फोटो काढला. थंडगार पत्र्याला छाती लावून उभं केलं आणि श्वास रोखायला सांगितला. ती घाबरली. आत पाहणारं यंत्र आहे म्हटल्यावर नर्सला विचारते, माझ्या पोटातला मोत्लात्सी दिसेल का यात? नर्स हसून हसून लाल. मी आईला म्हटलं की पोटात मीही होते, तुझ्या आधी. ती म्हणाली, ते जुनं झालं.

फोटोत तू दिसला नाहीस आणि मीही नाही. उजव्या फुप्फुसावर पांढरा डाग दिसला. डॉक्टरांनी तो फोटो उजेडाला धरला, मग मला बाजूला घेऊन चार शब्द बोलले. गोळ्या दिल्या आहेत. काळजीचं कारण नाही, परमेश्वर समर्थ आहे. आईचा हट्ट आहे की तुला रेडिओवरून बोलावून घ्यावं. मी म्हटलं, बघते. तुझ्या मुलांच्या परीक्षा जवळ आल्या, तुझा घोडाही नवा.

आणखी एक. गुरुवारी मंडळाच्या बाया तिला पाहायला आल्या, त्यांच्यासमोर तिने पुन्हा पहिल्या मातीचं काढलं. म्हणाली, मुलीच्या हातची माती छातीवर जड पडते, माझ्यावर मुलाच्याच हातची पडू दे. बाया हसल्या. मीही हसले, चहा द्यायचा होता.

हे मांसातून आरपार जाणारं काय असतं, तेही रेडिओच्याच जातीचं का? सवड झाली तर लिही. लोभ तुझ्याकडून आहे असं आम्ही धरून चालतो.

मापासेका


हा-मोखेथी मिशन शाळा
ता. १३ मे २००१

ती. सौ. ताईस सा. न., वि. वि.

घोड्यावरून दिलेला फटका बसला. तुझा हात अजून तसाच आहे, लहानपणी ओल्या फडक्याने मारायचीस तसा. पण घोडा शर्यतीसाठी घेतला नाही, ताई. पावसाने रस्ता तुटला की गाडी येत नाही. मला घरी यायची वेळ आली तर घोड्याने खिंड ओलांडता यावी म्हणून घेतला.

हो, ते क्ष-किरणही त्याच जातीचे. या सगळ्या एकाच आईच्या लेकी समज. वेग सगळ्यांचा एकच. तू आमेन म्हणेपर्यंत पृथ्वीला सात प्रदक्षिणा घालतील. कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. फरक फक्त लांबीचा. सगळ्यांत लांब ती रेडिओची, मग पाळकबाईंच्या पेटीतली, मग तुझ्या शेगडीसमोर बसलं की तोंडाला लागते ती धग, मग डोळ्यांना दिसणारा उजेड, आणि त्याहून कितीतरी आखूड हे क्ष-किरण. लांब असते ती डोंगर ओलांडते. आखूड असते ती मांसातून पार होते आणि हाडाशी अडते. आईचा फोटो म्हणजे तिच्या हाडांची पडलेली सावली. पण फुप्फुसावर पांढरं दिसलं, म्हणजे तिथे अडण्यासारखं काहीतरी आहे. डॉक्टर चार शब्द बोलले असं लिहितेस. ते चार शब्द कोणते?

थट्टा पुरे. तू माझी मोठी बहीण आहेस, आईचं सगळं तू करतेस, हे मी तोंडाने म्हणत नाही, पण जाणतो. तिचं जास्त झालं तर थांबू नकोस. जुन्या केंद्रावर माझं नाव घ्यायला लाव. मी बाराला रोज तारेखाली असतो. ऐकलं की खोगीर चढवीन, दुसऱ्या दिवशी तुमच्या फाटकात. तिने माझा चेहरा पाहिल्याशिवाय जाऊ नये, एवढंच मागणं आहे. तेही तुझ्याकडे मागतो, कारण देवाकडे तुझी वट माझ्यापेक्षा जास्त.

आईच्या पायांना हात लाव माझ्या वतीने. लोभ वाढता ठेव.

तुझा,
मोत्लात्सी


हा-तेबेलो
ता. ११ जून २००१

चि. मोत्लात्सी यास ताईचा सलाम, वि. वि.

परमेश्वराने दिलं, परमेश्वराने नेलं, त्याचं नाव धन्य असो. आपली आई बुधवारी गेली. शनिवारी, नऊ तारखेला, तिला बाबांच्या शेजारी ठेवलं.

तिला शांतपणे मरण आलं असं लिहिण्याचा रिवाज आहे. ती शांत नव्हती. सोमवारी तिने खाट फिरवून दाराकडे तोंड करायला लावलं. मी एकटीने खाट फिरवली. तिला सांगितलं की मोत्लात्सीचं नाव रेडिओवर घेतलंय. ती म्हणाली, मग येईल, माझा मुलगा रोज बाराला ऐकतो. तुझं नाव स्वतःच्या कानांनी ऐकायचं म्हणून तिने जुना डबा मागितला. त्याच्या बॅटऱ्या संपल्या होत्या. दाराबाहेर कुत्र्याने खरवडलं तरी ती मान उचलायची. बुधवारी तिने विचारलं की घोडा लंगडा तर नसेल? त्यानंतर काही बोलली नाही.

सोमवार, मंगळवार तुला आजारासाठी बोलावलं, गुरुवारी मयतासाठी. निरोपात तुझं नाव माझ्या आधी घातलं होतं. मी काही मनात धरत नाही. अख्ख्या गावाने ऐकलं. शनिवारी पाळक खड्ड्याशी फावडं धरून उभे राहिले आणि विचारलं, मुलगा कुठे आहे? मी म्हटलं, त्याला रेडिओवरून बोलावलंय. लोकांनी चुकचुक केली. मामा म्हणाले, शिकलेली पोरं अशीच. ऊन उतरायला लागलं, थांबणार तरी किती? मग पहिली माती मी घातली. जड होती की हलकी, ते आता तिलाच ठाऊक.

तिचं कणसांच्या नक्षीचं ब्लँकेट तिने तुझ्यासाठी म्हणून ठेवलं होतं. मामांनी वाटणी करताना विचारलं, घेणारा कुठे आहे? ते सध्या माझ्या गुडघ्यांवर असतं.

तू रोज बाराला ऐकतोस असं लिहिलं होतंस. त्या दिवसांत शाळेचं काम महत्त्वाचं निघालं असेल. प्रभू तुला क्षमा करो. लोभ देव ठेवील तसा.

मापासेका


हा-मोखेथी
ता. २६ जून २००१

ताई,

तुझं पत्र काल मिळालं. ऐन हिवाळा, काल रात्रीपासून बर्फाने खिंड बंद आहे, घोडाही जात नाही. हे पत्र गाडी फिरली की सुटेल.

मी ऐकत होतो. सोमवारी, मंगळवारी, गुरुवारी, सगळ्या दिवशी. मी एकटा नव्हे, खिडकीखाली सगळं खोरं होतं. मंगळवारी पलीकडच्या पाड्यातल्या एकाचा बाप गेल्याचा निरोप आला. तो मेंढरांमागे वर गेला होता. मी शाळा सोडून धावत वर गेलो, त्याला सांगितलं, आणि बापाला माती देता यावी म्हणून माझा घोडा त्याला दिला. ताई, त्या दिवशी आई जिवंत होती. माझी आई दाराकडे तोंड करून निजली होती आणि मी माझा घोडा दुसऱ्याच्या मयताला पाठवत होतो.

काल इथे एक म्हातारी म्हणाली की मास्तर सगळ्या देशाचे मेलेले ऐकतो आणि स्वतःची आई त्याला ऐकू येत नाही. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मला एकच सांग. निरोप कोणत्या केंद्रावर दिलास?

मोत्लात्सी


हा-तेबेलो
ता. ८ जुलै २००१

चि. मोत्लात्सी यास सलाम, वि. वि.

एवढ्यासाठी एक तिकीट खर्च केलंस. नव्या केंद्रावर दिला. दुसरीकडे कोण देतं आता? मंडळातल्या सगळ्या बायांनी ऐकला, पाळकबाईंनी ऐकला, कसायाच्या दुकानात तो लागला तेव्हा लोक टोप्या काढून उभे राहिले. आईचा निरोप आवाज स्वच्छ असेल तिथेच जावा असं मला वाटलं. खरखरीत तिचं नाव घ्यायचं का?

तू विचारशील, मी लिहिलं होतं ना? लिहिलं होतंस खरं. नदी, दगड, लांब, आखूड. माझ्यासारख्या चुलीपुढच्या बाईच्या डोक्यात एवढं कुठलं राहायला? एवढंच राहिलं की सगळ्या एका आईच्या, वेग सगळ्यांचा एकच, कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. मला ते फार आवडलं होतं. मी मंडळातही सांगितलं. आपल्या घरात तसं कधी पाहिलं नव्हतं म्हणून आवडलं असेल.

आणि रेडिओवर सांगितलं म्हणजे सांगितलं. हा आपला रिवाज आहे, मी काढलेला नाही. ज्याचं नाव वाचलं त्याला कळलं असं धरतात. न येणाऱ्याने आपलं काय ते देवापाशी बघावं. मामांनाही हे मान्य आहे, पाळकांनाही.

तू आईच्या घशाखाली दोन वर्षांत एक घास घातला नाहीस. मी तिची थुंकी वाडग्यात झेलली आणि तो वाडगा धुऊन त्यातच तिची आंबील ओतली, पातळ. तिने दाराकडे बघत ती घेतली. दारात मी उभी असले तर म्हणायची, जरा बाजूला हो, वाट दिसत नाही. तू लिहितोस की तुमचं खोरं सावलीत आहे. असेल बाबा. तिथे ऊन तरी पडत असेल.

तुझ्यासाठी प्रार्थना करते, गुरुवारी मोठ्याने, इतर दिवशी मनात. लोभाचं तू ठरव.

मापासेका


हा-मोखेथी
ता. ५ ऑगस्ट २००१

ती. सौ. ताईस सा. न., वि. वि.

खिंड मोकळी झाल्यावर मी येऊन गेलो. ज्याला माती देता आली नाही त्याने दगड ठेवायचा, तसा मी आईवर ठेवला. आपल्या नदीतलाच काळा दगड आहे. तुझ्या फाटकावरून गेलो. आत भजन चालू होतं, नव्या केंद्राचं. फार स्वच्छ लागतं, खरंच.

तुझ्या पत्रातून मी एक शिकलो. इतकी वर्षं मी मुलांना शिकवलं की लहर पोचली तर निरोप पोचला. तू शिकवलंस की वाचला म्हणजे पोचला. हेही खोऱ्यात शिकवीन.

मला तुझ्याशी यापुढे जे बोलायचं ते मी जुन्या केंद्रावर बोलेन. आईचा जुना डबा कोंबड्यांच्या खुराड्यात पडलेला पाहिला. बॅटऱ्या घालून ठेव. काटकसर करू नकोस.

लोभ असावा असं लिहिण्याची सवय आहे, म्हणून लिहिलं.

मोत्लात्सी


हा-तेबेलो
ता. २ सप्टेंबर २००१

मोत्लात्सी यास,

मी अंगणात तुझ्या दाजींचे सदरे वाळत घालत होते आणि गाणं म्हणत होते. फाटकातून मामा-मामी रडत आले. मागून मंडळाच्या बाया. मामींनी माझ्या हातातला सदरा काढून घेतला आणि विचारलं, भाऊ मेला आणि हिला गाणं सुचतं? मी म्हटलं, मला कुणी काही कळवलं नाही. त्यावर मामा सगळ्यांसमोर म्हणाले की जुन्या केंद्रावर दोन दिवस वाचताहेत: हा-मोखेथीचे मास्तर मोत्लात्सी वारले, शनिवारी मिशनच्या आवारात माती, बहीण मापासेका असेल तिथून निघावी. रेडिओवर सांगितलं म्हणजे सांगितलं. बाया एकमेकींकडे बघत होत्या. कशा बघतात ते मला ठाऊक आहे, मीही तसंच बघत आले आहे.

त्याच दिवशी मी डोकं भादरून घेतलं. मामींनी वस्तरा चालवला आणि हलका चालवला नाही. दुसऱ्या सकाळी गाडीत बसले. तुला पांघरायला आईचं ब्लँकेट घेतलं. ते तुझंच होतं. जाताना थडग्याशी उतरून तू ठेवलेला काळा दगड उचलला, तुझ्यावर ठेवायला. म्हटलं, आईकडून तुझ्याकडे काहीतरी जावं. दगड मांडीवर घेऊन बसले होते. लहानपणी तुला घेऊन बसायची तशी. हे लिहायचं नव्हतं, पण आता खोडत नाही.

पासेकाने वाटेत सोबत म्हणून छोटा रेडिओ दिला होता. भजन चालू होतं. देवा-वाचव खिंड चढेपर्यंत ते चालू होतं. गाडी पलीकडे उतरायला लागली आणि एका वळणावर शब्द मध्येच तुटला. पुढे नुसती फुसफुस. मी खालीवर करून पाहिला, खिडकीबाहेर धरून पाहिला. ड्रायव्हर या वाटेवर नवा होता, तो म्हणाला, मावशी, डोंगर आडवा आला, आता तो मुका. मग त्याने स्वतःचा जुना रेडिओ लावला. बारा वाजले होते. त्यावर तुझं मयत वाचत होते, आणि माझं नाव. खरखर होती, पण शब्द न् शब्द कळला.

तुझी सावली मी अशी पाहिली. तेव्हा मला समजलं, असं मी लिहिणार नाही. समजलेलं आधीच होतं. तू पाजलेलं दूध मी थेंब न सांडता प्यायले होते. पण बर्फातल्या त्या वळणावर गुरुवारच्या मयताची नव्हे, बुधवारची आई मला पुन्हा दिसली, मान उचलताना.

शाळेपर्यंत मी रडत चालत आले. फळ्यासमोर तू उभा होतास, हातात खडू. लांब लहर काढत होतास, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी खिडकीशी. बोडकं डोकं, काखेत ब्लँकेट, हातात दगड. मुलं उठून उभी राहिली. तू वळलास. तू मला पाहिलंस, मोत्लात्सी, तुझे डोळे माझ्या डोक्यावर थांबले. मग तू मुलांना म्हणालास की बसा, आपल्या ओळखीचं कुणी नाही. आणि राहिलेली अर्धी लहर पुरी केलीस.

मी दगड तुझ्या शाळेच्या पायरीवर ठेवून आले. तो आता आईवर नाही, ध्यानात असू दे. ब्लँकेट परत आणलं. थंडी आहे अजून.

मामांना, पाळकांना, मंडळाला मी सांगितलं की माती वेळेवर झाली. ते खोटं नाही. आपल्यात एका माणसाचा शोक एकदाच करतात, डोकं एकदाच भादरतात. तुझ्यासाठी जे करायचं ते मी केलं, रिवाजात काही कमी ठेवलं नाही. आता केस नखाएवढे आले आहेत. पुढे कधी जुन्या केंद्रावर तुझं नाव खरंच वाचतील, तेव्हा बाया रडत येतील. मी त्यांना बसायला देईन, चहा देईन, आणि सांगेन की तो ऑगस्टातच गेला.

लोभ होता.

मापासेका